अर्ध्या चांदाची हजेरी

आमचे हे उठले अन् वाकून ज्वारीत शिरले, अन् मी त्यांच्या पत्रावळीकडं बघितलं तर रोडगा चुरलेला, त्याच्यावर वरण वतलेलं, तूप अजून पाघळून राहिलेलं, अन् वरणात बोटांच्या खुणा... एवढी ताजी पत्रावळ अन् तिच्यापुढं मानूस न्हाई, हे आंधळ्यालाबी दिसलं असतं. तोवर शेताच्या धुऱ्यावरून घोडे आत आले व्हते. खांद्याला बंदुका. माझ्या मांडीवर गंगू, अन् मी तिला अशी आवळून धरलेली की लेकरू मला इचारतं, "आई, थंडी वाजून राहिली का?" मला वाटलं पत्रावळ उचलावी अन् पदराखाली घ्यावी, मातीत पुरावी, कायबी करावं. पन मामंजी पंगतीच्या म्होरं उभे व्हते, हातात वाढायचं वगराळं, अन् त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. बसून ऱ्हा, असं. आजवर माझ्याकडं त्यांनी असं सरळ बघितलं नव्हतं. मी बसून राहिले.

ही गेल्या सालची गोष्ट. मामंजी म्हंजे माझे सासरे, गावात सगळे त्यांना हवालदार म्हनायचे. यंदा कोजागिरीच्या मागून ते गेले. त्याला आता महिना होत आला. गावचे गुरुजी म्हनले, हवालदारावर कोनीतरी लिवा, पेपरात धाडू, लोकं वाचतील. घरात लिहायला बसनारी मी एकटी, तीबी मराठी तिसरी, वऱ्हाडातल्या माहेरच्या शाळेतली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लेकरू झोपलं की लिहिते, उठलं की ठिवते.

मामंजी तरुणपनी गोऱ्या साहेबाच्या पलटनीत व्हते, जर्मनच्या पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांचा एक सण व्हता, तो पंचांगात न्हाई, दुसऱ्या कोन्या घरीबी न्हाई. दिवाळी सरली की आभाळात चांद वाढत जातो, अन् ज्या दिवशी तो बराबर अर्धा होतो, त्या दिवशी कयाधू नदीकाठच्या आमच्या शेतात रोडग्याचं जेवन. ज्या सांजेला लढाई थांबल्याचा सांगावा त्यांच्या पलटनीला आला, तवा वाळूवर असाच अर्धा चांद व्हता म्हने. तारीख त्यांना ठावं व्हती का न्हाई देव जाने. ते म्हनायचे, तारीख साहेबाची, चांद सगळ्यांचा.

लगीन होऊन आले त्या साली मी हा सण पहिल्यांदा बघितला, अन् भ्याले. एक तर त्या दिवशी बाईनं चुलीला हात लावायचा न्हाई. मामंजी, थोरले भावजी अन् हे, तिघं फाटंपासून शेतात. कनीक तेच मळनार, गवऱ्या तेच रचनार, रोडगे निखाऱ्यात तेच भाजनार. पलटनीत बाई कुठून आली, म्हनून. लेकरांनी पळसाच्या पत्रावळ्या लावायच्या, जमीन झाडून शिंपायची, अन् चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं मांडायचे. एकेका दगडामागं एकेकानं बसायचं. आमी बायका पाहुन्यांसारख्या लिंबाखाली बसून. सासूबाई पाय पसरून म्हनायच्या, "वर्सातून एक दिवस मी मेमसाब हाये. पोरी, तूबी पसर पाय." मी कुठली पसरते, सासऱ्यांच्या म्होरं. मी डोईचा पदर ओढून अशी बसले जशी काय गाठोडं.

अन् मंग मामंजी आले, अन् पहिली पत्रावळ माझ्या म्होरं. नव्या सुनेच्या. सासऱ्यानं वाकून सुनेला वाढायचं, हे मी कुठं बघितलंबी नव्हतं, ऐकलंबी नव्हतं. जवान मानसाला आधी अन् हवालदारानं मागून, असा पलटनीचा कायदा व्हता म्हने. मला वाटलं जमीन फाटावी. वाढत वाढत म्होरं गेले.

पन कोनी खाईना. सगळे रोडगे चुरून, हात आवरून बसलेले. तवा मामंजी पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, अन् हजेरी घ्यायला लागले. "सिपाही भिकाजी." सासूबाई म्हनल्या, "हाजिर." मी बघतच राहिले. "सिपाही रामसिंग." थोरले भावजी, "हाजिर." "सिपाही दगडू." हे, "हाजिर." अशी एकेक नावं, अन् लेकरंसुद्धा एकेकाच्या नावाला उत्तर देऊन राहिलेली. सारी मेलेल्या शिपायांची नावं. शेवटी म्हनले, "सिपाही शेख चांद," अन् माझ्या म्होरच्या दगडाकडं बघून थांबले. सासूबाईनं मला कोपर मारलं. "तुझाच. घे, मिशीवाला मिळाला तुला." मी तोंड उघडलं पन आवाज कुठं हाये... नुसता वारा निघाला असंल. मामंजी म्हनले, "ऐकू आलं." कोनालाच ऐकू आलं नव्हतं. माझ्याच कानाला न्हाई.

गोष्ट मला मागून कळाली. निखारे सारता सारता ते लेकरांना सांगायचे, आमी बायका लांबून ऐकायचो. लढाई थांबायच्या आदल्या दिवशी त्यांची टोळी म्होरं गेलती अन् निम्मी माघारी आली. पन पलटनीचा सैपाकी, त्याला लांगरी म्हनतात, त्याला कोन सांगनार? त्यानं सगळ्यांचं रांधून ठिवलं. सांजेला सांगावा आला, लढाई सरली. अन् हजेरी झाली तर नाव पुकारलं की नुसती वाळू उडते. रोट्या तशाच पडलेल्या. साहेब म्हनला, फेकून द्या. त्यांचा सुभेदार म्हनला, न्हाई साहेब, ज्याच्या नावाची रोटी हाये त्याच्या नावानं कोनीतरी हाजिर म्हनंल अन् खाईल. उपाशी गेला असं कोनाच्या घरी सांगायचं न्हाई. "तवा मी एकट्यानं कितीकांचं खाल्लं," मामंजी म्हनायचे, "अन् मला पचलं न्हाई. म्हनून एवढं घर मांडलं. आता वाटून खातो."

म्हंजे आमी सगळे, सुना, नातवंडं, त्यांनी वाटून दिलेलं खाऊन राहिलो व्हतो.

अन् नुसतं नाव न्हाई. ज्याचं नाव, त्याची आवड. शेख चांदला गूळ लागायचा, म्हनून माझ्या लापशीवर गुळाचा खडा जास्तीचा. दगडूला करपलेलं आवडायचं, म्हनून त्याचा रोडगा निखाऱ्यात सगळ्यात मागून काढायचा, काळा ठिक्कर, अन् आमचे हे बिचारे दर साली तो कोळसा चावत बसायचे. भिकाजीला वांगं खपायचं न्हाई. सासूबाईचा जीव वांग्यावर, अन् त्या दिवशी वांग्याची भाजी त्यांच्या नाकाखालून म्होरं जायची. "मेल्याला वांगं आवडत नव्हतं," त्या म्हनायच्या, "अन् भोगते मी." एकदा चोरून फोड उचलली तर मामंजी म्हनले, "भिकाजी, चोरी?" सगळी पंगत हसली, त्याबी हसल्या, पन फोड ठिवून दिली. मामंजी सगळ्यांचं झाल्यावर भांड्यातली खरवड काढून रोडग्याच्या तुकड्यासंगं उभ्यानंच खायचे. त्यांना मी कधी पंगतीत बसलेलं बघितलं न्हाई. त्यांचा दगडबी नव्हता.

गेल्या साली दिवस वाईट व्हते, सांगायची गरज न्हाई, तुमीबी काढलेत. गावोगाव संस्थानाचे बंदूकवाले फिरून राहिलेले, कोनाच्या घरचा जवान मानूस पैनगंगेपल्याड, संस्थानाशी लढनाऱ्यांच्या क्यांपात गेला हे इचारत. आमचे हे गेलते. दसऱ्यापासून घरात न्हाईत. थोरले भावजी म्हनले, "बा, यंदा ऱ्हाऊ द्या. धूर लांबून दिसतो."

मामंजी म्हनले, "धूर तर दिसंलच. भुकेला मानूस धुरावरूनच येतो."

अन् खरंच, धुरावरून न्हाई, पन अर्ध्या चांदाचा हिशेब धरून हे आले. सूर्य उगवायच्या आधी नदीच्या अंगानं, पायाला काटे, दाढी वाढलेली. मी त्यांना बघितलं तशी लिंबाआड वढलं. मी म्हनलं, "काहून आलात? जीव वर आलाय का?" तर मला म्हनतात, "दगडूला कोन हाजिर म्हननार?" बघा आता. मेलेल्या मानसाची हजेरी द्यायला जिता मानूस मरायला आला. दुसऱ्या कोन्या घरात कोनी असं केलं असतं का? मामंजीनं त्यांच्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, अन् म्हनले, "आलास? गवऱ्या कमी हायेत." झालं. बापलेकाची भेट झाली.

वाढून झालं, रोडगे चुरून झाले, हजेरी सुरू व्हनार तेवढ्यात टापा ऐकू आल्या.

म्होरचा घोडेवाला मामंजीला वळखत व्हता. म्हनला, "हवालदार, ये क्या लगा रखा है? किसकू खिला रहे?"

"पलटन का दिन है जी. हर साल का है."

त्यानं बंदुकीचं टोक ह्यांच्या पत्रावळीकडं केलं. "और ये किसकी है?"

मी देवाचं नाव घेऊन राहिले व्हते पन देवाचं एक नाव आठवंना. ज्वारी पुरुषभर उभी, तिथून दहा हातांवर नवरा पालथा पडलेला, अन् वारा पडलेला, एक पान हललं तरी दिसंल.

"हाजरी नहीं हुई अब्बी," मामंजी म्हनले. "हाजरी के बगैर हमारे यहां कोई खाता नहीं. आप बी सुनो."

अन् त्या मानसानं बंदुकांकडं पाठ केली. हातातलं वगराळं भांड्यात ठिवलं, धोतराला हात पुसले, टोकाला जाऊन पाय जुळवले, अन् दर सालच्या आवाजात म्हनले, "सिपाही भिकाजी."

सासूबाई म्हनल्या, "हाजिर." "सिपाही रामसिंग." "हाजिर." लेकरांनी दिली. दगडूची पाळी आली तरी त्याचं नाव आलं न्हाई, मला वाटलं, गाळतील. गाळलं तर काय व्हतं, मोजनारं कोन हाये? पन ते नाव गाळनाऱ्यातले नव्हते. "सिपाही शेख चांद." मी कशीबशी दिली. घोड्यावर एक मेंदीच्या दाढीचा म्हातारा व्हता, ते नाव ऐकून त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं.

"सिपाही दगडू."

मी ज्वारीकडं बघायचं न्हाई म्हनून पत्रावळीकडं बघत राहिले. ह्यांचा स्वभाव मला ठावं. लहानपनापासून त्या नावाला जिभेवर हाजिर आलेलं, आताबी आलं असंल, दात दाबून धरलं असंल... किती वेळ धरतील?

"सिपाही दगडू." मामंजी दुसऱ्यांदा म्हनले, जरा मोठ्यानं. आवाज जराबी हलला न्हाई.

मी गंगूला खाली ठिवलं अन् उभी राहिले. डोईवरचा पदर सरकला, तो मी सावरला न्हाई. "हाजिर," मी म्हनलं, अन् ते एवढ्या मोठ्यानं निघालं की लिंबावरचे कावळे उडाले. सासऱ्यांच्या म्होरं, परक्या मानसांच्या म्होरं.

"ऐकू आलं," मामंजी हळूच म्हनले.

घोडेवाला म्हनला, "एक औरत, दो नाम?"

"हमारे लश्कर में आदमी कम हैं," मामंजी म्हनले. "जो हाजिर बोले, वो खाए."

"तो खाए," तो म्हनला, अन् घोड्यावरून हलला न्हाई.

मी माझी पत्रावळ संपवली. मंग ह्यांची म्होरं वढली. ज्या वरणात ह्यांची बोटं बुडाली व्हती त्यात माझी बोटं. करपलेला रोडगा मला आवडत न्हाई, घशाखाली कोळसा उतरून राहिला, अन् मला ठावं व्हतं की दोन दिसांचा उपाशी मानूस ज्वारीतून बघून राहिला, त्याचा घास मी खाऊन राहिले, अन् थांबायचं न्हाई, टाकायचं न्हाई, रडायचं तर न्हाईच. मधीच गंगू पत्रावळीला हात लावून म्हने, "आई, ही तर बाची..." मामंजी खाली वाकले अन् लापशीचा एवढा मोठा गोळा तिच्या तोंडात कोंबला. "तोंड भरलं की शिपाई बोलत न्हाई," म्हनले. मेंदीच्या दाढीचा हसला. म्हनला, "दूध पिलाती होगी, खाने दो." मंग त्यानंच मामंजीला इचारलं, "ये चांद किधर का था?"

"परभनी तरफ का. गूळ बहोत खाता था."

मामंजीनं पानात एक रोडगा अन् गुळाचा खडा बांधून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उपरण्यात बांधला. घोडा वळवला. मी शेवटचा घास गिळला, पत्रावळ उलटी करून दाखवली, तवा म्होरचाबी वळला. एकानं जाता जाता ज्वारीच्या कडेनं घोडा नेला, कडेची धाटं मोडली, अन् गेला.

हे सांजेपर्यंत ज्वारीतून निघाले न्हाईत. डोईवर अर्धा चांद आला तवा मी विहिरीवरून बघितलं, मामंजी भांड्याची खरवड काढून राहिलेले, सारी काढली, एका पानात घेतली, रोडग्याचा राखलेला तुकडा घेतला, अन् ज्वारीत गेले. माघारी आले ते रिकाम्या हातानं. पानी पिले अन् बैल सोडायला लागले. सासूबाईनं इचारलं, "अन् तुमी जेवलात का?"

म्हनले, "हजेरीत माझं नाव हाये का?"

मंग यंदा हद्दीपल्याडून मिलट्री आली, संस्थान पडलं, हे घरी आले, सगळं निवलं, अन् मामंजीला ताप धरला. जनू त्यांची पहाऱ्याची पाळीच सरली व्हती. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर म्हनले, "नावं म्हन." मी भिंतीकडं तोंड करून एकेक नाव म्हनलं, भिकाजीपासून. कुठं अडले न्हाई. डोळे मिटून ऐकत व्हते. "ऐकू आलं," म्हनले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात, तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, अन् म्हनल्या, "पोरी, पलटन गेली."

अर्धा चांद आला तवा भावजी म्हनले, घरात दुखवटा हाये, यंदा सण न्हाई. सासूबाई म्हनल्या, "हा सण व्हय? ही हजेरी हाये. मेलेल्याला सुतक लागत न्हाई. कनीक मळा." अन् आमी गेलो. गवऱ्या पेटल्या, दगड मांडले. पन एक पत्रावळ मामंजीची लावायची म्हनलं तर ती कुठं ठिवावी कळंना. ते कधी बसलेच नव्हते. शेवटी जिथं ते उभे राहायचे तिथं, त्या भांड्याच्या झाकनावर ठिवली. अन् तिच्यावर काय वाढावं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. वाळूत मेलेल्या एकेक शिपायाला काय आवडायचं ते आमच्या लेकरांना पाठ हाये, अन् ह्या मानसाला काय आवडायचं ते घरात एकाला ठावं न्हाई. सासूबाई रिकाम्या पत्रावळीकडं बघत म्हनल्या, "एवढा संसार केला. मी कधी इचारलंच न्हाई." मंग ह्यांनी भांड्याची खरवड काढून वाढली.

हजेरी ह्यांनी घेतली, बापासारखे पाय जुळवून. दगडूला आता मीच हाजिर म्हनते, ते ठरूनच गेलं. चांद झाला, दगडू झाला, नावं सरली. मंग ह्यांनी "हवालदार..." म्हनून बापाचं नाव घेतलं. ते नाव मी इथं लिहीत न्हाई, सुनेनं घ्यायचं नसतं.

हे स्वतःच्या पुकाऱ्याला उत्तर देऊ शकत न्हाईत. भावजी खाली मान घालून रडून राहिलेले. सासूबाई माझ्याकडं वळल्या, डोळे कोरडे. "तुझ्या तोंडाला दोन नावांची सवय हाये," म्हनल्या, "तिसरं घे."

ह्यांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मी गंगूला खाली ठिवून उभी राहिले. झाकनावरची खरवड गार होऊन राहिलेली. हाजिर म्हनावं, तर त्या मेलेल्यांच्या रांगेत त्यांना मीच नेऊन बसवल्यासारखं होतं, माझ्या तोंडानं, अन् "ऐकू आलं" म्हनायला म्होरं कोनी न्हाई. न म्हनावं, तर गेल्या साली माझ्या घरच्या मानसापायी उपाशी राहिलेला मानूस यंदाबी उपाशी ऱ्हातो. बायांनो, तुमीबी कोनाच्या सुना हात. माझ्या जागी, ती पत्रावळ म्होरं असताना, तुमी काय केलं असतं?